गॅसघरातला पहिला माणूस

१

बुधाजीचं प्रेत आलं ते नेमकं त्याच्या बहिणीच्याच पाळीत. कौसल्या परळच्या इस्पितळात नर्स होती. स्ट्रेचर आलं की चादर बाजूला सारायचं काम तिचं. तिनं चादर सारली, आणि डॉक्टर नवलकरबाई अजून सांगतात, ती ना ओरडली ना रडली. तिनं आधी हात धुतले आणि मग भावाच्या कपाळावर ठेवले.

"गॅसघरात गेला," स्ट्रेचर आणणारा म्हणाला. "वायू राहिलेला आत."

गॅसघर म्हणजे शिवडीच्या बाजूची एक बंदिस्त वखार. अमेरिकेहून गिरण्यांसाठी येणारा कापूस तिथं विषारी वायूत कोंडायचा आणि मगच शहरात सोडायचा, असा सरकारी कायदा होता. तिकडच्या कापसात बोंडं पोखरणारा एक भुंगा असतो. तो एकदा वऱ्हाड-खानदेशात शिरला की आपल्या कापसाची माती व्हायला वेळ लागणार नाही. दलालांना मात्र हा कायदा म्हणजे डोक्याला ताप. 'किड्याचं नुसतं निमित्त, खरा डाव परदेशी माल अडवायचा,' ही त्यांची ओरड सातासमुद्रापार पोचली होती, आणि आता परदेशी पाहुण्यांचं एक शिष्टमंडळ चौकशीला मुंबईत येऊ घातलं होतं. कायदा शेतकऱ्यासाठी आहे की व्यापार रोखण्यासाठी, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांच्यापुढे बुधाजीची साक्ष व्हायची होती.

बुधाजी गॅसघरातला 'पहिला माणूस'. वायू बाहेर सोडला, दारं उघडली, वखार वाऱ्यावर टाकली, की सगळ्यांच्या आधी आत जायचं ते त्यानं. जाताना तोंडात पेटलेली विडी हवी. वायूचा अंश जरी उरला असला तरी तंबाखूची चव पालटते. विडी कडवट लागली की उलट्या पावली बाहेर, गोड लागली की इतरांना हाक. यंत्रं होती, पण ती कपाटात. काम चालायचं ते माणसाच्या जिभेवर.

चौकशीला आलेले फौजदार कोंडीराम जरा अवघडून म्हणाले, "विडी होती हो त्याच्या बोटांत. अर्धी जळालेली. कीड-निरीक्षक मानकरसाहेब स्वतः दारात उभे होते. विडी पेटवून आत जाताना त्यांनी पाहिलं त्याला. थोडी घेतलेली असेल, जिभेला चव कळली नसेल."

कौसल्येला ते पटेना. बुधाजी सव्वा वर्षापूर्वी तिच्यासह नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला होता. आल्या दिवशी डिलाईल रोडच्या चाळीसमोरच्या गटारात त्यानं विड्यांचं अख्खं बंडल फेकलं होतं. दारू तर त्याआधीच सुटली होती. तेव्हापासून त्याच्या अंगाला तंबाखूचा वाससुद्धा आला नव्हता.

फौजदारांची पाठ वळल्यावर तिनं भावाचा खालचा ओठ हलकेच दुमडला. आतून ओठ भाजल्यासारखा लालभडक झाला होता. तिनं नवलकरबाईंना बोलावलं. बाईंनी पाहिलं, आणि दार लोटून घेतलं.

"वायूनं तोंड असं भाजत नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "हे पोटात गेलंय. ज्या खड्यांपासून तो वायू करतात, तेच खडे. कशात तरी विरघळवून दिलेत. मी फौजदारांशी बोलते. तपासणीचा निकाल येईपर्यंत आपल्या तिघांशिवाय कोणाला कळता कामा नये."

परवाच बुधाजी जेवताना ताटावर थांबला होता. म्हणाला होता, "कौसे, आज एका माणसाला नाही म्हणून आलो. जीव तुटला गं." कोणाला, ते तिनं विचारलं नव्हतं. ते न विचारल्याचा संताप आता तिला आतून जाळत होता. तिनं भावाच्या छातीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "दादा, ज्यानं हे केलं त्याला मी सुखानं घास गिळू देणार नाही."

२

बुधाजीचा गॅसघरातला जोडीदार शिवा लालबागला एका मसाल्याच्या गिरणीच्या माडीवर राहायचा. कौसल्येला पाहताच हा दांडगा कोकण्या तोंडावर पंचा घेऊन रडायला लागला. खालून मिरचीचा खकाणा येत होता. त्याचे डोळे कशानं लाल झालेत ते ओळखायची सोय नव्हती.

"शिवा, विडी कोण ओढायचं?" तिनं सरळ विचारलं.

"मी, बाय," तो पंच्यामागून म्हणाला. "दीक्षा घेतल्यापास्नं बुधाजीनं विडी सोडली. पण साहेबांना सांगितलं असतं तर पहिल्या माणसाचं काम गेलं असतं त्याचं. मग आम्ही जोडीनं आत जायचो. विडी माझ्या तोंडात, हाक त्याची. साहेबलोक कचेरीत असत, कोणाला कळलं नाय. आम्हा कामगारांत मात्र सगळ्यांना ठाऊक."

"आणि त्या दिवशी?"

"आम्ही भाकरी खायला गेलो. तो दारावर थांबला. तो नेहमी मागनंच यायचा. कचेरीत मानकरसाहेब होते. ते दलाल धैर्यवानशेट पण आलेले, आपल्या कापसाच्या गाठी कधी सुटतात ते विचारायला."

"त्यानं कोणाकडून काही खाल्लं-प्यायलं असतं?"

शिवा चिडलाच. "शेटच्या माणसानं बुधाजीच्या लोकांसाठी कान तुटका कप ठेवलाय, वेगळा. दीक्षा घेतल्यापास्नं बुधाजीनं त्याला हात लावला नाय. तहानेनं मेला असता पण त्या कपातलं प्यायला नसता. माझ्या तांब्यातलं पाणी प्यायचा. मी त्याच्या डब्यातलं खायचो. गावी कळलं तर आमचे लोक मला वाळीत टाकतील."

"साक्ष कशाची द्यायची होती त्याला?"

"त्या भुंग्याची. मानकरसाहेबांना एका गाठीत भुंगा सापडला ना! ती गाठ आम्हीच दोघांनी फोडली. मला तर काय दिसला नाय. पण साहेबांची नजर बारीक."

कौसल्या उठली. दारातून वळून तिनं विचारलं, "आता पहिला माणूस कोण?"

शिवानं मान खाली घातली. "मी. कालच नेमलं."

जिना उतरताना कौसल्येच्या पायाखालची फळी करकरली. भावाच्या ताटात जेवणारा, त्याला पाणी पाजणारा आणि आता त्याच्या जागी बसलेला. तिला त्या पंच्याचीही घृणा आली.

३

मनमोहन धैर्यवानांचं घर गिरगावात. दिवाणखान्यात पूर्वजांच्या तसबिरी, सगळ्यांच्या डोक्यावर पगड्या. शेटनी तिला खुर्ची दिली, ही मोठीच सुधारणा म्हणायची. चहा आला. शेटसाठी चिनी मातीचा कप, आणि तिच्यासाठी काचेचा पेला, तोही खिडकीतल्या कोनाड्यातून काढलेला. कौसल्येनं पेल्याकडे पाहिलं आणि हात मांडीवरच ठेवले.

"फार वाईट झालं," शेट म्हणाले. "पण मी म्हणतच होतो. हा कायदा माणसं मारणार. अहो, भुंगा इथं कोणी पाहिलाय? आम्ही माल अडवायचा, मग त्यांनी आमचं कापड अडवायचं. गिरण्या बंद पडल्या तर परळ खाईल काय? तुम्ही माझ्याबरोबर शिष्टमंडळापुढे या. फक्त रडायचं. बाकी मी बोलतो."

"माझ्या भावाशी बोलला होतात तुम्ही?"

"बोललो ना. म्हटलं, गाठीत भुंगा नव्हता असं सांग, तुला माझ्या वखारीत मुकादम करतो." शेटना हसू आलं. "तर मला म्हणतो, 'शेट, जे घडलं ते सांगायला मला मुकादमी कशाला? आणि तुम्हाला नाही म्हणायला मला काही कष्ट पडत नाहीत.' तोंडाळ होता हो."

"तुम्ही त्या दिवशी तिथंच होतात."

"होतो. सगळं जग मला विचारतंय. पण बाई, व्यवहार बघा. त्याच्या मरणानं नुकसान झालं ते मानकरचं. गॅसघर माणूस खातं म्हटल्यावर कायदा टिकतो कसला? आणि फायदा…" शेटनी कप बशीत ठेवला. "फायदा माझा झाला, हे मी नाकारत नाही. एक माणूस गेला आणि हजार गाठी सुटल्या, तर देवाची करणी म्हणायची."

कौसल्येनं आजवर शेकडो माणसांच्या दंडात सुया खुपसल्या होत्या. आज पहिल्यांदा तिला एखाद्याच्या डोळ्यात खुपसावीशी वाटली. ती उठली. पेल्यातला चहा तसाच गार होत राहिला.

४

गॅसघराच्या भिंतीवर कोणीतरी हातभर अक्षरांत रंगवलं होतं, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' कमलाकांत मानकरांनी ते पुसू दिलं नव्हतं. सरकारी नोकरीत असून एवढी हिंमत दाखवणारा हा माणूस कामगारांचा लाडका होता.

कौसल्येला पाहताच ते खुर्ची सोडून उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आपल्या थर्मासमधून आपल्याच कपात चहा ओतला आणि तो कप तिच्या हातात दिला. स्वतःसाठी थर्मासचं झाकण घेतलं.

"बुधाजी आणि मी रोज असेच प्यायचो," ते म्हणाले. "माझ्या घरी हे चालत नाही. बायको कप वेगळा धुते. मी म्हणतो, खड्ड्यात गेलं."

चहा वेलदोड्याचा होता. कितीतरी दिवसांनी कौसल्येच्या घशाखाली काहीतरी गोड उतरलं.

मागच्या भिंतीवर काचेच्या पेट्यांत किडे होते. बारीक किड्यांना टाचणी लावता येत नाही, म्हणून पुठ्ठ्याच्या इवल्या तुकड्यांवर डिंकाच्या थेंबानं चिकटवलेले. मानकरांनी टेबलावरची बाटली उचलून तिच्यापुढे धरली. तळाला गव्हाच्या दाण्याएवढा, लांब सोंडेचा भुंगा पडला होता. "हा तो. तुझ्या भावानं फोडलेल्या गाठीत मिळाला. धैर्यवान विचारतो ना भुंगा कुठाय? हा घे म्हणावं. ह्यांच्या मोकळ्या व्यापारापायी माझ्या वऱ्हाडातल्या बायकांनी रानात काय वेचायचं?"

कौसल्येनं बाटली उजेडात धरली. भुंगा उताणा पडला होता, पोटाशी काहीतरी बारीक चकाकत होतं. तिनं बाटली खाली ठेवली.

"शेवटी काय म्हणाला दादा?"

मानकरांनी झाकण खाली ठेवलं. "मी दारातच होतो. त्यानं विडी पेटवली, दोन झुरके मारले, मला म्हणाला, 'साहेब, गोड आहे,' आणि गेला आत. मी कचेरीत वळलो. मी थांबायला हवं होतं गं."

कौसल्येनं रिकामा कप दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. हात जोडले. बाहेर आली, वळणापर्यंत ताठ चालली, आणि मग भिंतीला धरून भडाभडा ओकली.

५

"तीन माणसं," तिनं पोलीस चौकीत फौजदार कोंडीरामांपुढे बोटं धरली. शेजारी नवलकरबाई बसल्या होत्या. पोटातून विष गेल्याचा निकाल सकाळीच बाईंच्या हाती आला होता.

"दादाला विष पाजलं, मग आत टाकलं, मग बोटांत विडी खोचली. विडी खोचणाऱ्याला वाटत होतं की दादा विडी ओढतो. म्हणजे तो कामगार नव्हे. शिवा असता तर विडीचं नावसुद्धा काढलं नसतं. त्या बिचाऱ्यावर मी उगाच संशय घेतला."

"बरोबर. मग धैर्यवान," फौजदार म्हणाले. "त्याला विडी सुटल्याचं माहीत नाही, आणि फायदाही त्याचाच."

"पण त्याच्या हातचं दादा प्यायला कसा असता? वेगळ्या कपाला त्यानं हात लावला नसता, आणि आपला कप शेट देणार नाही, खून करायचा झाला तरी देणार नाही."

नवलकरबाईंना अशा प्रसंगीही हसू आवरेना.

"उरला एकच," कौसल्या म्हणाली. "ज्याच्या हातून दादा डोळे मिटून पीत होता, आणि ज्याला दादाची विडी सुटल्याचं ठाऊक नव्हतं. दुसरा कोणी यात बसत नाही. मानकर."

"अहो, पण त्यांच्याच कायद्याच्या मुळावर…"

"तो भुंगा गाठीत सापडलाच नाही. कचेरीतल्या पेटीतून उचललाय. पोटाला डिंक आहे अजून. दादाला सांगितलं असणार, गाठीत पाहिला म्हण. शेटला नाही म्हणायला दादाला कष्ट पडले नाहीत. जीव तुटला तो ह्याला नाही म्हणताना. दादा साक्षीला उभा राहता तर साहेबाची अब्रू परदेशी पाहुण्यांपुढे गेली असती. कायद्याला अपघात परवडतो, लबाडी परवडत नाही."

फौजदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "हे सगळं मला पटलं. कोर्टाला पटणार नाही. तो म्हणेल, डिंक कुठून लागला देव जाणे."

"मग मी त्याच्याच तोंडून वदवते," कौसल्या म्हणाली. "तुम्ही फक्त पलीकडच्या खोलीत उभे राहा."

६

शिष्टमंडळ यायच्या दिवशी सकाळी मानकर नवा कोट घालून बसले होते. कौसल्या आली ती किटली घेऊन. तिनं त्यांच्याच कपात चहा ओतला आणि तो त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"परवा तुमच्या हातचा घेतला. आज माझ्या हातचा घ्या."

"अरे वा," मानकर हसले. कप उचलला.

"दादा पण असाच हसून प्यायला असेल," ती म्हणाली. "साहेब, त्यानं विडी सव्वा वर्षापूर्वीच सोडली होती."

कप ओठांपाशी थांबला.

"आणि मी नर्स आहे. इस्पितळाच्या कपाटात काय काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. प्या ना. निवतोय."

मानकरांनी कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला.

"का हो? माझ्या हातचा बाटतो?"

"काय घातलंयस तू यात?" ते किंचाळलेच. कप त्यांनी असा लोटला की तो टेबलावरून खाली गेला.

"साखर," कौसल्या म्हणाली. तिनं किटलीतला चहा झाकणात ओतून त्यांच्यादेखत पिऊन टाकला. "माझा भाऊ वायूनं मेला असं सगळी मुंबई म्हणते. तुम्हीच सांगितलंत. मग चहाला का भ्यालात साहेब? विष चहातनं गेलं, हे ज्यानं पाजलं त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार?"

पलीकडच्या खोलीचं दार उघडलं. फौजदार कोंडीरामांना पाहून मानकर खाली बसले, आणि मग न विचारता बोलत सुटले. किती विनवलं त्याला. एक शब्द बोल म्हटलं, लाखो शेतकऱ्यांसाठी. तर म्हणाला, साहेब, खोटं न बोलण्याचं वचन घेतलंय मी. त्याला स्वतःचं वचन मोठं झालं!

"कौसल्या, तू शहाणी आहेस," ते तिच्याकडे वळले. "आज हे बाहेर आलं तर कायदा गेला. उद्या तो भुंगा उतरेल. लाखोंच्या पोटापुढे एक माणूस…"

"त्या लाखांतल्या एकाचं तरी नाव सांगा," ती म्हणाली. "या एकाचं नाव तुम्हाला ठाऊक होतं. रोज त्याच्याबरोबर चहा पीत होतात."

७

दुपारी शिष्टमंडळ बसलं होतं त्या सभागृहाच्या पायऱ्यांवर मनमोहन धैर्यवानांनी तिला गाठलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "बाई, तुम्ही आमचं काम केलंत! निरीक्षकच खुनी, भुंगाही खोटा. आता कायदा संध्याकाळपर्यंत टिकत नाही. चला, तुमची साक्ष घालतो."

"चला," कौसल्या म्हणाली.

परदेशी पाहुणे चार होते. दुभाष्या सांगेल तसे माना हलवत होते. कौसल्येनं भुंग्याची बाटली पुढे ठेवली. हा गाठीत सापडला नव्हता, ती म्हणाली, हे सांगायला माझा भाऊ येणार होता, म्हणून त्याला मारलं. सभागृहात खळबळ उडाली. धैर्यवानशेट अर्धे उठले.

"माझं संपलेलं नाही, बसा," ती त्यांना म्हणाली. शेट बसले. "माझा भाऊ दुसरंही सांगणार होता. आमच्या घरी रोज बोलायचा. भुंगा इथं सापडला नाही, म्हणूनच तर कायदा हवा. सापडल्यावर कायदा घेऊन काय करायचं? कॉलरा आल्यावर विहिरीला झाकण घालतात का? हे शेट म्हणतात गॅसघर माणूस खातं. माणूस खाल्ला तो माणसानं. तुम्हाला निरीक्षकाचा भरवसा वाटत नसेल तर निरीक्षक बदला, चार आणखी बसवा, तुमचाही एक बसवा. आणि आत माणूस सोडायच्या आधी हवा यंत्रानं तपासा. ती यंत्रं कपाटात पडली आहेत. माणसाची जीभ स्वस्त पडते म्हणून वापरायची नाही."

सगळ्यात म्हाताऱ्या पाहुण्यानं दुभाष्याकडून ते पुन्हा सांगवून घेतलं आणि लिहून घेतलं. पाहुण्यांनी हरकत मागे घेतली, कायदा राहिला. यंत्रांची अट घातली गेली, आणि शिवाची विडी कामापुरती तरी सुटली. निकाल वाचला जात असताना कौसल्या पाहुण्यांकडे पाहत नव्हती. ती धैर्यवानशेटांच्या तोंडाकडे पाहत होती, आणि ते पडलेलं तोंड पाहून तिला फार बरं वाटलं.

मानकरांचा खटला उभा राहिला तेव्हा ती पाळ्या बदलून घेऊन रोज कोर्टात जायची, पहिल्या बाकावर बसायची. फाशीची शिक्षा ऐकून मानकर वाळल्यासारखे झाले. पोलीस त्यांना नेत असताना ते तिच्यापाशी थांबले.

"कौसल्या, तुम्ही लोक आता बुद्धाचे. वैरानं वैर मिटत नाही, क्षमा करावी, असंच ना तुमच्यात? एकदा म्हण, क्षमा केली. मला झोप येत नाही गं."

कौसल्या उभी राहिली. आवाज न चढवता, वॉर्डात रोग्याशी बोलावं तशी म्हणाली, "हो साहेब, तसंच आहे आमच्यात. रोज संध्याकाळी म्हणते मी ते. पण मला दीक्षा घेऊन अजून दोन वर्षंही झाली नाहीत. तिथवर पोचायला मला वेळ आहे, आणि तुम्हाला आता तेवढा वेळ उरलेला नाही."